बनियनवरचा नंबर

लाँड्रीत तिला सगळे डागमावशी म्हणत. नाव ऐकायला बरं नव्हतं, पण तिला ते कधी लागलं नाही, कारण तेच तिचं काम होतं. मागच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीखाली तिचं लांब पांढरं टेबल होतं. आलेला प्रत्येक कपडा हौदात जाण्याआधी तिच्या हाताखालून जायचा. ती तो उजेडात धरायची, उलटा करायची, वास घ्यायची, डागाभोवती खडूने गोल काढायची आणि टाचणीने चिठ्ठी लावायची: चहा, शाई, गंज, तेल, रक्त. रक्ताचा कपडा गार पाण्याच्या बादलीत. तिथे तडजोड नाही. गरम पाण्यात रक्त शिजतं आणि कापडात घर करतं, मग ब्रह्मदेव आला तरी निघत नाही. नव्या येणाऱ्या प्रत्येक बाईला ती हे पहिल्या दिवशी सांगायची. बाया मागे हसायच्या आणि आठवड्याभरात एखादी चादर शिजवून तिच्यासमोर मान खाली घालून उभ्या राहायच्या.

एकतीस वर्षं तिने हे केलं. नवरा तरुणपणीच गेला होता. दोन मुलं या टेबलावर वाढली असं म्हटलं तरी चालेल. थोरली मुलगी शिकली आणि एका कचेरीत टायपिस्ट झाली. तिचं लग्न जमता जमता राहिलं, मग तिने तो विषयच मिटवला. मायलेकी दोन खोल्यांत राहत. धाकट्याचं मात्र कुठे बूड टिकेना. डागमावशीने मालकाच्या हातापाया पडून त्याला लाँड्रीत बॉयलरवर चिकटवलं, तर चार महिन्यांत तो म्हणाला, "आई, मी बोटीवर चाललो. परदेशात गोदी आहे, बोटी दुरुस्त करतात. माणसं घेतायत."

"मी शब्द टाकलाय मालकाकडे. माझं नाक कापणार आहेस का?"

"तुझं नाक तिथेच राहील. मी जातोय."

तेव्हा ती जे बोलली ते जिन्यातल्या तिन्ही मजल्यांनी ऐकलं. "गेलास तर पुन्हा या घराचा उंबरा चढू नकोस."

तो गेला. दीड वर्ष बहिणीच्या नावाने पत्रं येत राहिली. शेवटच्या पत्रात त्याने लिहिलं होतं की इथे मन लागत नाही, भाषाही डोक्यात शिरत नाही, सगळे पोर्तुगीज बोलतात, मी बहिऱ्यासारखा हसत बसतो. थोरलीने ते वाचून दाखवलं. डागमावशी भांडी घासत होती, घासत राहिली. उत्तर द्यायचं तिच्या मनात होतं, पण आधी त्याने वाकावं, मग आपण, असा तिचा हिशेब.

त्याच सुमारास तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डाग दिसेनासे झाले होते, पिवळं आणि तपकिरी एकच वाटायला लागलं होतं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून तिला दहा दिवस उताणं निजवलं होतं. हलायचं नाही, खोकायचं नाही, आणि रडायचं तर मुळीच नाही, असं डॉक्टरांनी थोरलीला बजावून सांगितलं होतं. सोमवारी पट्टी सुटली. पुढच्या सोमवारी थोरली तिच्यासमोर बसली आणि म्हणाली, "आई, धाकटा गेला. मागच्या रविवारी. शिडीवरून पडला. जागच्या जागी गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही."

त्याला तिकडेच पुरलं होतं. घरी फोन नव्हता. बातमी थोरलीच्या कचेरीत आली होती.

तीन महिन्यांनी गोदीकडून कापडी पिशवी आली. दोन पँटी, तीन शर्ट, दाढीचं सामान, एक बनियन आणि एक जाड पाकीट. पाकीट थोरलीने कपाटात ठेवलं. कपडे डागमावशीने घेतले, आणि सवयीने खिडकीशी नेऊन एकेक उजेडात धरले. शर्टांवर ग्रीस होतं, गंज होता. बनियन मात्र स्वच्छ होता, सोड्याने उकळलेला, आणि गळ्याच्या आतून त्याला बोटभर पांढरी फीत शिवलेली होती. फितीवर न पुसणाऱ्या शाईने लिहिलं होतं: २१४.

ती खिडकीशी उभी राहिली ती उभीच राहिली. कपड्याला असा नंबर कुठे शिवतात हे तिला विचारायची गरज नव्हती. असे गठ्ठे तिच्याकडे दर बुधवारी येत. जिथे माणसाला नावाने कुणी ओळखत नाही तिथे शिवतात: इस्पितळात, तुरुंगात, अनाथाश्रमात. आणि जागच्या जागी गेलेल्या माणसाचा बनियन धुवायला कोण टाकतं?

"राहायच्या जागी लाँड्री असेल त्यांची," थोरली म्हणाली. "सगळ्यांचे कपडे एकत्र, म्हणून नंबर."

"मग शर्टांना का नाही?"

"मला काय माहीत आई!"

"त्या पाकिटात काय आहे?"

"सांगितलं ना. शिडीवरून पडला असं आहे. कचेरीतल्या एकाकडून वाचून घेतलं मी."

"एवढ्या जाड पाकिटात एवढंच?"

महिनाभर हे असंच चाललं. दातात कुसळ अडकावं तशी डागमावशी त्याच जागी जीभ फिरवत राहिली. शेवटी एका संध्याकाळी थोरलीचा तोल गेला. तिने कपाट उघडलं, निळ्या शिक्क्यांचे ते कागद काढले आणि टेबलावर आपटले. "घे. वाच. वाचता येत असेल तर वाच!"

डागमावशीने कागद उचलले, नीट केले आणि म्हणाली, "वाचते."

तिला एकच गोष्ट हवी होती, आणि ती तिने कुणाला सांगितली नव्हती. त्याचा पाय घसरला, की त्याने स्वतः पाय सोडला? उंबरा चढू नकोस म्हणणारी ती होती, पत्राला उत्तर न देणारीही तीच. हे परक्या माणसाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. निकाल लागायचा तर तो तिच्या एकटीसमोर लागायला हवा होता.

लाँड्रीत दर शनिवारी दोन शर्ट घेऊन एक म्हातारा यायचा. आयुष्यभर मालवाहू बोटींवर कारकुनी केलेला, लाँड्रीतल्या बाया त्याला जहाजी मास्तर म्हणत. निम्मं आयुष्य त्याने पोर्तुगीज बंदरांत काढलं होतं. डागमावशीने त्याचे शर्ट हातात धरले आणि सोडलेच नाहीत.

"मास्तर, मला पोर्तुगीज शिकायचंय."

"कुठे निघालात?"

"कुठे नाही. एक कागद वाचायचाय."

"आणा की. मी वाचून देतो, चहा पिऊन होईस्तोवर."

"मला वाचायचाय."

मास्तरने तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या शर्टांकडे. त्याला मुलाचं ठाऊक होतं. लाँड्रीत कुणाला ठाऊक नव्हतं! ठरलं असं की रविवारी दुपारी ती त्याच्या खोलीवर जाईल आणि त्याच्या शर्टांना आयुष्यभर कडक इस्त्री मिळेल.

पहिल्या रविवारी त्याने पोरांचं पुस्तक काढलं. हा चेंडू आहे. हे मांजर आहे. मांजर खुर्चीखाली आहे.

"माझ्या कागदात मांजर नसणार," डागमावशी म्हणाली.

"मग काय असणार?"

"प्रेत असेल. जखम असेल. कुणी पाहिलं, किती वाजता पाहिलं, असं असेल. डॉक्टर असेल."

मास्तर उठला, पलंगाखालून ट्रंक ओढली आणि कव्हर नसलेलं, कडा कुरतडलेलं एक जाडं पुस्तक काढलं. बोटीच्या केबिनमध्ये कुणीतरी विसरून गेलेली जुनी रहस्यकथा. "घ्या. पहिल्याच पानावर मुडदा पडलाय."

सुरुवातीला तिला ते पुस्तक म्हणजे उंदरांनी खाल्लेली चादर वाटली, जागोजाग भोकं. एका पानाला तीन रविवार लागले. ती लाँड्रीतल्या चिठ्ठ्यांच्या मागे शब्द लिहायची, टाचणीने पदराला लावायची आणि कपडे तपासता तपासता पुटपुटायची. खिडकी, कुलूप, साक्षीदार, रक्ताचा डाग. बाया म्हणाल्या, मावशीला लागिरं झालं. मास्तर म्हणाला, "घाबरू नका हो. तुम्ही जन्मभर थोडं पोर्तुगीज बोलताच आहात. चावी तिकडची, बादली तिकडची, पगारसुद्धा तिकडचाच."

"तरीच पगार इतक्या उशिरा पोचतो," डागमावशी म्हणाली. वर्षभरात ती पहिल्यांदा काही हसण्यासारखं बोलली होती, आणि बोलून तिचं तिलाच चोरट्यासारखं वाटलं.

गोष्ट अशी होती. एका गिरणीमालकाचा त्याच्या जेवणघरात सुरा खुपसून खून होतो. घरात सात माणसं. बाहेरून कुणी आलेलं नाही. मग एक जाडा, सतत खोकणारा इन्स्पेक्टर येतो आणि एकेकाला खोलीत बोलावतो. डागमावशी संध्याकाळी जेवताना थोरलीला हे सांगू लागली. आधी थोरली ताटातून मान वर करायची नाही. मग एक दिवस तिने विचारलं, "त्या भाचीने खरं सांगितलं का, कुठे होती ते?"

"अजून नाही. खोटं बोलली एवढं कळलंय."

"म्हणजे तीच."

"खोटं काय, सातही जण बोललेत. स्वयंपाकिणीने चमचे चोरलेत. डॉक्टर दारू पिऊन पडला होता. भाची कुणाला तरी भेटायला गेली होती. खून एकाने केला, आणि अब्रू सगळ्यांची गेली."

थोरलीने घास खाली ठेवला. "त्या जाड्याला कुणी सांगितलं होतं एवढं उकरायला?"

"मेलेल्याने," डागमावशी म्हणाली.

त्यानंतर थोरली रोज विचारायची, "कुठवर आलीस?" ती पुस्तकाचं विचारतेय असं दोघीही धरून चालत. तिचा चेहरा त्या वर्षात निम्मा झाला. डागमावशीला ते दिसत होतं. ऑपरेशननंतर तिला सगळंच फार स्वच्छ दिसायचं.

पुस्तकाच्या मध्यावर तिला एक चूक सापडली. रक्ताने भरलेला टेबलक्लॉथ स्वयंपाकघरातल्या पातेल्यात उकळलेला मिळतो, त्यावर तपकिरी डाग तसाच.

"हा लिहिणारा जन्मात कधी धुणं धुवायला बसलेला नाही," ती मास्तरला म्हणाली. "रक्त कुणी उकळतं का? घरात धुणारी बाई आहे, स्वयंपाकीण आहे. शेंबड्या पोरीलासुद्धा कळतं."

मास्तर मिशीत हसला. "पुढे वाचा."

पुढे तीनशे बाराव्या पानावर जाड्याने सातही जणांना एका खोलीत बसवलं आणि तोच टेबलक्लॉथ पसरला. धुणाऱ्या बाईने हे केलं नाही, तो म्हणाला, स्वयंपाकिणीनेही नाही. जिने जन्मात कधी कपडा धुतला नाही तिने केलं. आणि तो मालकिणीकडे वळला.

डागमावशीने पुस्तक मांडीवर पालथं घातलं. एकतीस वर्षं डाग ओळखण्यात गेली, आणि समोर धरलेला डाग तिने लिहिणाऱ्याचं अज्ञान म्हणून बाजूला टाकला होता. चूक कुणाची हे तिने आपल्या मनाने ठरवून टाकलं होतं.

"आता काय देऊ पुढचं?" मास्तरने विचारलं. "ट्रंकेत अजून दोन आहेत."

"आता कागद," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर तिने टेबल पुसलं, कागद मांडले, बाजूला चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला आणि चष्मा लावला. थोरली पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. ती उठून बाहेर गेली नाही. जाईल असं डागमावशीला वाटलं होतं.

पहिली दोन पानं नावं, तारखा, शिक्के. तिसऱ्या पानावर त्याच्याबरोबर काम करणाऱ्याचा जबाब. तिने तो चार वेळा वाचला, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून. सकाळची वेळ होती. शिडी ओली होती. तो वरच्या पायरीवर होता आणि खाली वाकून पाना मागत होता. काहीतरी बोलून हसत होता, काय ते साक्षीदाराला समजलं नाही, कारण तो आपल्या भाषेत बोलला. शिडीचा पाय सरकला.

हसत होता. पाना मागत होता. मरायला निघालेला माणूस पाना मागत नाही.

तिने श्वास सोडला. दोन वर्षं छातीवर ठेवलेला वरवंटा कुणीतरी उचलला असं तिला वाटलं. एवढंच हवं होतं. खरं तर तिने तिथेच थांबायला हरकत नव्हती. पण बनियन होता, आणि इस्पितळाचा शिक्का सहाव्या पानावर होता.

दाखल: तीन तारीख. उजवी मांडी आणि बरगड्या मोडलेल्या. रुग्ण शुद्धीवर.

तिने पहिलं पान पुन्हा काढून पाहिलं. मृत्यू: बारा तारीख, रविवार.

"कुठवर आलीस?" थोरलीने मागून विचारलं.

"सहाव्या पानावर."

घडी घालणारे हात थांबले. खाली कुणाच्या तरी नळाचं पाणी बादलीत पडत होतं, ते भरून वाहायला लागलं, मग कुणीतरी नळ बंद केला.

"नऊ दिवस," डागमावशी म्हणाली. "तू सांगितलंस जागच्या जागी."

"पाच तारखेला फोन आला होता," थोरली म्हणाली. तिचा आवाज सपाट होता, कितीदा तरी मनात म्हणून झालेलं म्हणावं तसा. "पाय मोडलाय म्हणाले, बरा होईल म्हणाले. तुझ्या डोळ्यांवर पट्टी होती. डॉक्टर म्हणाले होते रडली तर टाके जातील, डोळे जातील. मी म्हटलं, सोमवारी पट्टी सुटली की सांगू. तो बराच होणार होता ना. सोमवारी सांगणारच होते मी. तो रविवारी गेला."

डागमावशीने चष्मा काढला आणि ती मागे वळली. काढला की अक्षरं पुसट व्हायची, पण समोरची मुलगी दिसत होती. पांढरे होत चाललेले केस, ओठाची साल, सगळं.

"बोललास का त्याच्याशी," असं ती म्हणाली. मुलाशी बोलावं तसं तिच्या तोंडून गेलं. दोघींनीही ते सुधारलं नाही.

"एकदा. दोन मिनिटं. नर्सने फोन त्याच्यापर्यंत नेला होता."

"काय म्हणाला?"

थोरलीने हातातला टॉवेल पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली. "म्हणाला, आईला विचार, बरा झालो की घरी येऊ का."

"आणि तू?"

"मी म्हटलं, विचारून सांगते."

"विचारायचं काय होतं त्यात?" डागमावशी ओरडली. "ये म्हणायचंस! ये म्हणायला काय माझी सही लागते?"

"तू उंबरा चढू नकोस म्हणाली होतीस! मी दारात उभी होते आई. दीड वर्षात एकदा तरी म्हणालीस का, की ते रागात बोलले? मी प्रत्येक पत्र वाचून दाखवायची तेव्हा तुझ्या पाठीकडे बघायची. पाठ हलायची नाही तुझी." ती थांबली. "मी आपल्या मनाने ये म्हटलं असतं आणि तू त्याला दारातून परत पाठवलं असतंस तर?"

टेबलक्लॉथ पसरलेल्या खोलीत सात जण होते. इथे दोघीच होत्या, आणि जाडा इन्स्पेक्टर कुणाकडे वळला असता हे तिला सांगता येईना.

"पुढे काय लिहिलंय?" थोरलीने हळूच विचारलं.

"तू वाचून घेतलं होतंस ना कचेरीत?"

"नाही घेतलं. कुणाला दाखवायचा धीरच झाला नाही. मला एवढंच माहीत आहे की तो आधी होता आणि मग फोन आला की गेला. मधलं काही माहीत नाही."

म्हणजे हे कागद आजवर कुणीच वाचले नव्हते. दोन वर्षं ते आधी कपाटात पडून राहिले, मग उशीखाली. जे एकटीने वाचायचं म्हणून डागमावशीने म्हातारपणी परकी भाषा दातांखाली फोडली होती, ते वाचून दाखवायला सगळ्या घरात आता तीच एक होती.

"इकडे ये. बस," ती म्हणाली.

थोरली समोरच्या खुर्चीत बसली. डागमावशीने चष्मा लावला आणि वाचायला लागली. एक ओळ तिकडची, मग एक आपली. सहा तारीख, ताप नाही, थोडं खाल्लं. सात तारीख, वेदना, झोपेचं औषध. आठ तारीख, बरगडीखाली सूज, ताप. कुठे शब्द अडला तर ती चिठ्ठ्या चाळायची. जवळजवळ सगळे सापडत होते. जखम, रात्र, श्वास, पाणी. खुनाच्या गोष्टीने तिला शब्दांची उणीव पडू दिली नव्हती.

नवव्या पानावर नर्सची नोंद होती. तिने ती मनात वाचली आणि बोट तिथेच राहिलं. रुग्ण रोज सकाळी विचारतो, घरून निरोप आला का.

ही ओळ गाळता आली असती. थोरलीला कधी कळलं नसतं. तिच्या जागी थोरली असती तर तिने गाळली असती, गाळलीच होती, आईच्या डोळ्यांसाठी. डागमावशीने मुलीकडे पाहिलं. ती टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसली होती, इंजेक्शनची वाट बघणाऱ्यासारखी.

"थांबलीस का?"

"शब्द बघतेय," डागमावशी म्हणाली. मग तिने ती ओळ मोठ्याने वाचली, आधी तिकडची, मग आपली.

थोरलीने मान टेबलावर टेकली. डागमावशीने हात पुढे केला, पण तो तिच्या केसांपर्यंत पोचला नाही. मधेच कागदावर थांबला.

"तो निरोप मी द्यायचा होता," ती म्हणाली. "तू नव्हे."

थोरलीला ते ऐकू गेलं की नाही ते कळलं नाही. डागमावशीने पान उलटलं. दहा तारीख. अकरा. बारा, पहाटे. शेवटच्या पानावर सामानाची यादी होती, आणि तीही तिने वाचली, कारण सुरू केलेलं पान ती अर्धवट सोडायची नाही. पँटी दोन. शर्ट तीन, मळलेले. दाढीचं सामान. बनियन एक, धुतलेला, इस्पितळाचा नंबर दोनशे चौदा.